पांढरपेशांच्या हाती नारळ

नोकरीवरून माणूस काढणे हा शब्दप्रयोग आता मोठमोठ्या कचेऱ्यांतून हद्दपार झाला आहे. तेथे माणसाला कोणी काढीत नाही. तेथे संस्थेची 'पुनर्रचना' होते, मनुष्यबळाचा 'समतोल' साधला जातो, आणि हे सारे यथासांग पार पडल्यावर वातानुकूलित खोलीत बसलेल्या त्या माणसापुढे एक कागद सरकवून त्यावर सही मागितली जाते. त्या कागदाचे नाव राजीनामा. गिरणगावातला गिरणीमालक निष्ठुर असेल, पण तो फाटकावर नोटीस लावीत असे. नोटिशीला तारीख असे, खाली सही असे, आणि म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागता येत असे. राजीनाम्यावर मात्र सही नोकराचीच असते. आपल्याच सहीविरुद्ध भांडायचे कसे, या विचाराने आमचा सुशिक्षित नोकरदार निमूटपणे घरी येतो आणि पहिले काही दिवस शेजाऱ्यांनाही कळू देत नाही.

मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २०२५ च्या जुलै महिन्यात जाहीर केले की, आपल्या एकंदर मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे जवळजवळ १२ हजार माणसे त्या वर्षात कमी केली जातील आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींतील लोक असतील. ही बातमी ज्या घरांत वाचली गेली त्यांत कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंतची हजारो मराठी घरे होती. आम्ही येथे त्या एका कंपनीचा न्यायनिवाडा करावयास बसलेलो नाही. उलट जी कपात जाहीर होते तिच्याविषयी निदान चार प्रश्न विचारता येतात. ज्या कपातीचा आकडा कोठेच छापला जात नाही, जी हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील कचेऱ्यांत दर महिन्यास दोन-दोन चार-चार माणसांनी होत राहते, तिचा प्रश्न अधिक बिकट आहे.

त्याच वर्षी दुसरीही एक घटना घडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार नव्या कामगार संहिता अमलात आणल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले, आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली. कामगार संघटनांनी या संहितांस कडाडून विरोध केला, मालकवर्गाने स्वागत केले. पण ज्याच्या नोकरीवर गदा येण्याचा संभव आहे त्या मध्यमवर्गीयाने त्या वाचल्याचे चिन्ह आम्हांस दिसत नाही. त्याच्या मते हा सारा 'कामगारां'चा मामला. आपण कामगार नव्हे, आपण अधिकारी, अभियंता, विश्लेषक, किंवा असेच काही!

ही समजूत त्याला किती महाग पडते ते सांगण्यापूर्वी, हे हक्क आले कोठून हे पाहणे प्राप्त आहे. कारण ते कोणी दान म्हणून दिलेले नाहीत, आणि त्यांच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

१९५३ साली कापड गिरण्यांत मालाचे ढीग साचले आणि मोठ्या प्रमाणावर कामबंदीची धास्ती निर्माण झाली. तेव्हा २४ ऑक्टोबर १९५३ रोजी सरकारने वटहुकूम काढला, आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचे असेल, तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार द्यावा, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे, आणि सरकारास कळवावे, अशा अटी तेव्हा प्रथम आल्या. त्यांची कसोटी लागली ती आमच्याच मुलखात. बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी कंपनी. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीने आपल्या नोकरांची नोकरी संपविली. नोकरांनी भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल दिला की, चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे म्हणजेच कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे. निकाल कंपनीच्या बाजूचा झाला. पण संसद स्वस्थ बसली नाही. १९५७ मध्ये तिने कायदा दुरुस्त करून धंदा बंद पडल्यासही भरपाईचा हक्क दिला, आणि तोही २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या लगतच्या दिवसापासून लागू केला. कायद्यातील फट दिसताच ती बुजविण्याची ही तत्परता आज विशेष आठवण्यासारखी आहे.

दुसरा खटला मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड-नोकरांचा. सरकारने त्यांना कमी केले, पण कायद्याने सांगितलेली भरपाई त्या वेळी दिली नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या मुखाने, स्पष्ट सांगितले की भरपाई ही कपातीची पूर्व-अट आहे. ती पाळली नाही तर कपातच अवैध. समोर पक्षकार मुंबई राज्याचे सरकार होते, आणि जिंकले ते दोन साधे नोकर. पुढे १९७६ मध्ये स्टेट बँकेतील नऊ दिवसांच्या नेमणुकीच्या एका खटल्यात न्यायालयाने 'कोणत्याही कारणाने' या शब्दांचा अर्थ खरोखरच कोणत्याही कारणाने असा केला, आणि १९९० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो व्यापक अर्थ कायम केला. शिस्तभंगाची शिक्षा सोडली तर मालकाने कोणत्याही सबबीवर नोकरी संपविली, तरी ती कपातच ठरते. मध्यंतरी १९८४ मध्ये मुदतीच्या करारावरील नोकरांना त्यातून वगळण्यात आले, आणि नव्या संहितेने त्या मुदतबंद नोकरीला आता राजमान्यताच दिली आहे. फट बुजविणारी संसद ती रुंदही करू शकते, हे येथे दिसले.

आता आमच्या पांढरपेशा बांधवांच्या समजुतीकडे वळू. संहितेतील व्याख्येप्रमाणे अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, कार्यचालनाचे, कारकुनी किंवा देखरेखीचे काम मोबदल्यासाठी करणारा तो कामगार. वगळले आहे ते मुख्यतः व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणाऱ्यांना, आणि देखरेखीचे काम करणाऱ्यांपैकी ज्यांचे वेतन महिना १८ हजार रुपयांच्या वर आहे त्यांना. ही १८ हजारांची मर्यादा केवळ देखरेख करणाऱ्यांसाठी आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. तांत्रिक वा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची कोणतीही वरची मर्यादा नाही. महिना दीड लाख रुपये मिळविणारा, पण दिवसभर स्वतःच्या हाताने संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा माणूस या व्याख्येत बसू शकतो. आणि अठ्ठावीस हजारांवर पाच जणांच्या हजेरीवर देखरेख करणारा कदाचित बाहेर पडतो! न्याय विचित्र खरा, पण कायदा असा आहे.

शिवाय दारावरच्या पाटीला न्यायालय भुलत नाही. मुंबईतील सिबा-गायगी कंपनीच्या एका साहाय्यकाच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिले ते त्याचे पदनाम नव्हे, तर त्याचे मुख्य काम. ते कारकुनी स्वरूपाचे ठरले, आणि तो माणूस कामगार ठरला. याउलट १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक कामगार ठरले नाहीत. अध्यापन हे कारकुनीही नव्हे आणि तांत्रिकही नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. म्हणजे प्रत्येक प्रकरणी कामाचे स्वरूप तपासावे लागते. हल्ली कंपन्या आपल्या तिशीतल्या नोकरांना 'मॅनेजर' ही पदवी इतक्या उदारपणे का वाटतात, याचे एक कारण वाचकांच्या येथे लक्षात येईल.

या हक्काची किंमत रुपयांत किती? समजा, आठ वर्षे नोकरी झालेल्या आणि कायद्याच्या अर्थाने महिना ४० हजार रुपये वेतन असलेल्या एका माणसास कंपनीने कमी केले. नोटिशीऐवजी एका महिन्याचे ४० हजार. भरपाई दर वर्षास पंधरा दिवसांप्रमाणे सुमारे १ लाख ६० हजार. नव्या संहितेत पुनःकौशल्य निधी म्हणून एक नवी तरतूद आहे. तिच्याप्रमाणे मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे सुमारे २० हजार, भरावयाचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत त्या माणसाच्या खात्यावर जमा व्हावयाचे. याखेरीज ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख ८४ हजार. एकंदर चार लाखांच्या घरात रक्कम जाते. तोच माणूस राजीनाम्यावर सही करतो, तेव्हा कायद्याने त्याच्या पदरात निश्चित पडते ती ग्रॅच्युइटी आणि केलेल्या कामाचा पगार. एका सहीने सव्वादोन लाखांचा हिशेब पुसला जातो. त्याशिवाय शेवटी आलेला प्रथम जाईल हा सामान्य नियम, तो मोडल्यास कारणे नोंदविण्याचे मालकावरील बंधन, आणि एक वर्षाच्या आत तीच जागा भरावयाची झाल्यास कमी केलेल्यांना प्रथम बोलावण्याची तरतूद, हे सारे त्या सहीबरोबर जाते.

मालकास राजीनामा इतका प्रिय का, हे आता निराळे सांगावयास नको. कपात म्हटली की नोटीस आली, भरपाई आली, सरकारला कळविणे आले. राजीनामा म्हटला की यांतले काहीच नाही, आणि वर्तमानपत्रात बातमीही नाही. म्हणूनच 'सही केली नाहीत तर अकार्यक्षम म्हणून काढू, पुढे कोठे नोकरी मिळणार नाही' ही भाषा त्या वातानुकूलित खोलीत ऐकू येते. तिच्यातला दम किती, तेही पाहावे. अकार्यक्षमतेचा ठपका शिक्षा म्हणून ठेवावयाचा तर आरोप, चौकशी आणि उत्तराची संधी द्यावी लागते. हे न करता कामगाराची नोकरी संपविली तर ती पुन्हा कपातच होते आणि भरपाई चुकत नाही. धमकीचे दोन्ही रस्ते मालकालाच अडचणीत नेतात. पण ऐन त्या पंधरा मिनिटांत, समोर तिघे आणि आपण एकटे असताना, घराच्या कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे नाचत असताना, हे आठवणार कोणाला?

म्हणून आमचे सांगणे असे की, हे आधीच ठरवून ठेवावे. त्याच दिवशी सही करण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. 'मी विचार करून लेखी कळवितो' हे पाच शब्द पुरेसे आहेत, आणि घरी येताच झालेल्या संभाषणाचा वृत्तान्त तारीख-वेळेसह ईमेलने कंपनीस कळवून ठेवावा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, वार्षिक मूल्यमापनाचे कागद यांच्या प्रती स्वतःपाशी असाव्यात. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र चुकूनही उचलू नयेत, ती चूक मालकाच्या हाती आयते कोलीत देते. सही होऊन गेली असली तरी सर्व संपले असे नव्हे. राजीनामा अमलात येण्यापूर्वी साधारणपणे तो मागे घेता येतो, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जबरदस्तीने वा अनुचित दडपणाने मिळविलेली संमती रद्द ठरविता येते. ते सिद्ध करण्याचा भार मात्र नोकरावर पडतो, आणि विलंब झाला तर तो भार दुणावतो. कमी केलेल्या कामगारास समेट अधिकाऱ्याकडे जाता येते, तेथे समेट न झाल्यास न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते. पूर्वी यासाठी तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांची झाली आहे. वेतनाचा हिशेब तर नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत चुकता झाला पाहिजे; कपात असो की राजीनामा, ही तरतूद दोहोंना सारखीच लागू आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे.

जे खरोखरच व्यवस्थापक आहेत, त्यांची स्थिती याहून वाईट आहे हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांना औद्योगिक संबंध संहितेचे कवच नाही. त्यांचा आधार नेमणूकपत्र, आणि वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा जबरीने पाळावयास लावीत नाही. मिळालीच तर नोटिशीच्या मुदतीइतकी भरपाई मिळते. पण त्यांच्यापाशीही अगदीच काही नाही असे नव्हे. ग्रॅच्युइटी त्यांनाही लागू आहे, २० लाखांच्या मर्यादेत. नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये ही अट करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली निरर्थक ठरते, मग ती कितीही ठळक अक्षरांत छापलेली असो. आणि कंपनीस त्यांची मुकाट सही हवी असते, हेच त्यांचे सौदा करण्याचे साधन. तिच्या बदल्यात नोटिशीचा पूर्ण पगार, राहिलेला बोनस, कुटुंबाच्या आरोग्यविम्याची मुदतवाढ आणि चांगले अनुभवपत्र मागण्यात कमीपणा कसला?

कोणी म्हणेल, धंदा म्हटला की चढउतार आलेच. परदेशातील गिऱ्हाइकांनी कामे आखडती घेतली, कृत्रिम बुद्धिमत्तेने कालपर्यंत दहा जणांनी करावयाचे काम तिघांवर आणले, तर कंपनीने करावे तरी काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. जादा माणसे कायमची पोसावीत असे आमचे म्हणणे नाही, आणि कायद्याचेही नव्हे. भरपाई द्या, रीतसर सांगा आणि मग कमी करा, इतकेच कायदा म्हणतो. कारखाने, खाणी व मळे यांत तीनशे वा अधिक कामगार असतील तर कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. १९७६ मध्ये ही मर्यादा तीनशेच होती, पुढे ती शंभरावर आली आणि संहितेने पुन्हा तीनशेवर नेली. पण संगणकाच्या कचेरीत पाच लाख माणसे असली तरी ही परवानगी लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती कारखानाही नव्हे, खाणही नव्हे आणि मळाही नव्हे. ज्या धंद्यावर एवढे थोडे बंधन आहे त्याने ते थोडेसुद्धा चुकवावे, याला व्यवहार म्हणावयास आम्ही तयार नाही.

खरा कमकुवतपणा मात्र कायद्यापेक्षा आमच्या वर्गाच्या स्वभावात आहे. याच वर्गातील बँक-कारकुनांनी १९४६ साली आपली अखिल भारतीय संघटना उभारली, आणि १९५३ चा शास्त्री निवाडा व १९६२ चा देसाई निवाडा यांतून वेतनाचे व सेवाशर्तींचे नियम पदरात पाडून घेतले. तेही पदवीधरच होते, तेही गळपट्टा बांधून कामावर जात. संघटनेत नाव घातल्याने आपली प्रतिष्ठा उणावली असे त्यांना वाटले नाही. संगणक क्षेत्रात आज पुण्यात व अन्यत्र लहान संघटना उभ्या आहेत आणि त्या कामगार खात्याकडे तक्रारी नेत आहेत, पण त्यांच्याकडे माणूस जातो तो नोकरी सुटल्यावर. नोकरीत असताना संघटनेची वर्गणी भरणे त्याला जोखमीचे वाटते. हे भय अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकेकट्याने त्या खोलीत जाण्याची जोखीम याहून लहान आहे काय?

सरकारकडेही दोन गोष्टींचा खुलासा मागणे प्राप्त आहे. पंधरा दिवसांचा दर १९५३ चा आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, नोकरीचे स्वरूप पालटले, दुसरी नोकरी मिळण्यास लागणारा काळ वाढला, आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला तर ती मिळेलच याची शाश्वती राहिली नाही. दर मात्र तोच राहिला. संहितेत सरकारला हे दिवस अधिसूचनेने निराळे ठरविण्याची मुभा आहे. महाराष्ट्र सरकारने ती वापरून दर निदान दुप्पट करावा. यासाठी विधानसभेत विधेयक आणावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. प्रत्येक कपातीची सूचना सरकारकडे यावी लागते, आणि प्रत्येक नोकराची नोकरी सोडल्याची तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या दप्तरी नोंदवावी लागते. एखाद्या कंपनीतून सहा महिन्यांत पाचशे माणसे 'स्वेच्छेने' गेली आणि कपातीची सूचना एकही आली नाही, तर कामगार आयुक्तांनी त्या कंपनीकडे खुलासा मागावा, आणि गेलेल्यांपैकी काहींना प्रत्यक्ष बोलावून विचारावे. हे आकडे दर तिमाहीस प्रसिद्ध करण्याचा हुकूम कामगारमंत्र्यांनी काढावा, आणि पहिली तपासणी हिंजवडी व खराडीपासून सुरू करावी.